सत्रातील रजा: लहान मुले, सहल आणि घर-शाळेतील विश्वास

प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर दिसणाऱ्या गैरहजेरीचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात: मुलाचे आजारपण, पालकांच्या रोजगारासाठी होणारे हंगामी स्थलांतर, लग्नकार्य किंवा गावची जत्रा यांसारखी कौटुंबिक निमित्ते, आणि शाळा सुरू असताना कुटुंबाने केलेली सहल. यांपैकी शेवटच्या दोन प्रकारांसाठी येथे ‘सत्रातील रजा’ ही संज्ञा वापरली आहे. सत्र म्हणजे दिवाळीच्या सुट्टीमुळे शालेय वर्षाचे पडणारे दोन भाग, आणि सत्रातील रजा म्हणजे या भागांत नियमित अध्यापन चालू असताना पालकांनी स्वतःच्या निर्णयाने मुलाला काही दिवस शाळेबाहेर नेणे. पहिली ते चौथीच्या वर्गांत अशी रजा सहजपणे घेतली जाते, कारण ‘अजून लहानच आहे, त्याचे काय बुडणार आहे’ असे पालकांना मनापासून वाटत असते. मुंबईच्या उपनगरातील मराठी माध्यमाचे प्राथमिक वर्ग दीर्घकाळ सांभाळताना प्रस्तुत लेखिकेला या रजेच्या दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या, आणि त्या अनुभवातून जे हाती लागले त्याची मांडणी येथे केली आहे. लहान मुलाचे नुकसान किती दिवस बुडले यापेक्षा कोणते दिवस बुडले, आणि ती रजा घर व शाळा यांच्यात उघडपणे ठरली की लपवून घेतली गेली, यांवर अधिक अवलंबून असते, हे या मांडणीचे सूत्र आहे.

प्रथम शाळेच्या दिवसांचा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला आणि त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास निश्चित केले गेले. महाराष्ट्रात शाळांच्या एकूण सुट्ट्या वर्षाला ७६ दिवसांपेक्षा जास्त होऊ नयेत असा दंडक शिक्षण विभागाच्या परिपत्रकांतून दिला जातो. उन्हाळी सुट्टी, दिवाळीची सुट्टी, सणवार, जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्या आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या या सगळ्यांची बेरीज या मर्यादेत बसवावी लागते. मात्र हे दिवस भरवणे हे शाळेवरचे बंधन आहे. प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने शासनावर टाकले असून पालकांवर मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य आहे. चार-आठ दिवसांच्या सहलीसाठी पालकांना दंड करण्याची तरतूद या कायद्यात नाही. त्यामुळे आपल्याकडे सत्रातील रजेचा प्रश्न कायद्याच्या भाषेत सुटत नाही. तो वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्या परस्परसंबंधांतच सोडवावा लागतो.

पालक मुलांना सत्रात बाहेर का नेतात, याची कारणे नीट समजून न घेता त्यांना बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे होते. पहिले कारण खर्चाचे आहे. दिवाळी आणि मे महिना हे पर्यटनाच्या गर्दीचे काळ असल्याने त्या दिवसांत विमानाची तिकिटे आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात, आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतंत्र आसनाचे भाडे द्यावे लागते. रेल्वेतही २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे आकारले जाते. दोन मुलांच्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस जाणे आणि मे महिन्यात जाणे यांतला फरक म्हणजे सहल होणे आणि न होणे यांतला फरक असू शकतो. दुसरे कारण पालकांच्या रजेचे आहे: रुग्णालयात परिचारिका असलेली आई, पोलीस खात्यात असलेले वडील किंवा दिवाळीतच सर्वाधिक व्यवसाय करणारा दुकानदार यांना शाळेच्या सुट्टीत स्वतःची सुट्टी मिळत नाही, आणि वर्षातून एकदाच चौघे एकत्र असण्याची संधी जेव्हा येते तेव्हा शाळा सुरू असते.

तिसरे कारण गावाशी असलेल्या नात्याचे आहे आणि मुंबईतल्या मराठी शाळांत ते विशेष ठळकपणे दिसते. कोकणातून आलेल्या कुटुंबांसाठी गणपती आणि शिमगा हे गावी जाण्याचे दोन मोठे प्रसंग असतात. गणपतीत शाळांना काही दिवस सुट्टी असते, परंतु फाल्गुनातल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते तेव्हा मुंबईच्या शाळा दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्यावर असतात. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तर तिथीने ठरत नाही. देवीचा कौल घेऊन ती ठरवली जाते आणि मग चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणारे कोकणवासी, आपापल्या रजांची जुळवाजुळव करतात. देशावरच्या गावांत चैत्र-वैशाखात यात्रा भरतात आणि त्यांतल्या काही वार्षिक परीक्षेच्या दिवसांत येतात. अशा वेळी मुलाला मागे ठेवून जाणे त्या कुटुंबाला शक्य नसते आणि इष्टही नसते, कारण आजीच्या हातून देवीची ओटी भरली जाताना पाहणे हा त्या मुलाच्या वाढीचाच एक भाग असतो.

चौथे कारण अलीकडे वाढलेले आहे. ज्यांचे काका, आत्या किंवा मावशी परदेशी राहतात अशा कुटुंबांत पाहुण्यांच्या मुलांच्या सुट्ट्या आणि इथल्या मुलांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. आखाती देशांतील भारतीय शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळी सुट्टी असते, अमेरिकेतील मुले जून ते ऑगस्टमध्ये किंवा नाताळच्या सुमारास येतात, आणि त्या काळात इथल्या शाळांत पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राचे अध्यापन वेगात चालू असते. अनेक वर्षांनी भेटलेल्या चुलत-मावस भावंडांबरोबर अष्टविनायक किंवा महाबळेश्वर पाहायला जाणाऱ्या मुलाला वर्गात बसवून ठेवावे, असे आईवडिलांना वाटत नाही. उलट बाजूने, डिसेंबरमध्ये घरातल्या लग्नासाठी अमेरिकेहून येणारी मराठी कुटुंबेही तिथल्या सुमारे दोन आठवड्यांच्या सुट्टीला आणखी काही दिवस जोडून घेतात, आणि तिथल्या शिक्षकांसमोरही हाच प्रश्न उभा राहतो.

ही सगळी कारणे मान्य केल्यानंतरही वर्गात काय घडते हे स्पष्टपणे सांगणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. प्राथमिक अभ्यासक्रमातील आशयाचे अध्यापनाच्या दृष्टीने दोन भाग करता येतात. काही आशय पुन्हा पुन्हा येणारा असतो: गोष्ट ऐकणे, चित्रावरून बोलणे, परिसरातील झाडे-प्राणी ओळखणे. यांतला एखादा आठवडा चुकला तरी तो पुढे वेगळ्या रूपात समोर येतो. दुसरा आशय पायरीबद्ध असतो, म्हणजे आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची उभीच राहत नाही, आणि गणितातील स्थानिक किंमत व भाषेतील जोडाक्षरे ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. दुसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज शिकवताना दहा सुट्या काड्यांचा एक गठ्ठा बांधून तो दशकाच्या घरात ठेवण्याची कृती मुले अनेक दिवस स्वतःच्या हाताने करतात, आणि नंतरच ती कागदावर उतरते. जे मूल नेमके त्या काळात गैरहजर राहते ते परतल्यावर २८ आणि १५ यांची बेरीज अनेकदा ३१३ अशी लिहिते: आठ आणि पाच तेरा, दोन आणि एक तीन, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी. ही चूक निष्काळजीपणाची नसते. एककातून दशक तयार होते ही घटना त्या मुलाच्या डोळ्यांसमोर घडलेलीच नसते. घरी मोठ्यांनी ‘वर एक लिही’ असा नियम सांगितला की उत्तर बरोबर येऊ लागते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, परंतु पुढे वजाबाकीत दशक सोडवण्याची वेळ येते तेव्हा मधली रिकामी जागा पुन्हा उघडी पडते.

भाषेत हाच अनुभव ‘र’च्या जोडाक्षरांबाबत येतो. ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधला रकार, ‘राष्ट्र’मधले ‘र’चे रूप आणि ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’ ही एकाच वर्णाची वेगवेगळी रूपे एका क्रमाने आणि भरपूर शब्दांच्या सहवासात शिकवली जातात. त्या क्रमातील दोन रूपे चुकलेले मूल वाचताना शब्दाच्या आरंभावरून अंदाज बांधू लागते. हुशार मुलांचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतात म्हणून ही उणीव लवकर लक्षात येत नाही, आणि तिसरीत परिच्छेदांची लांबी वाढली की तेच मूल वाचनाला कंटाळलेले दिसते. म्हणून शाळेत किती दिवस बुडले हा प्रश्न अपुरा ठरतो. जत्रेसाठी घेतलेली चार दिवसांची रजा सरावाच्या आठवड्यात आली तर तिची खूणही राहत नाही, आणि नव्या संकल्पनेच्या पहिल्या चार दिवसांत आली तर तिचे परिणाम काही महिने पुरतात.

वर्षातील काळालाही असेच महत्त्व आहे. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि पहिलीच्या वर्गातले सुरुवातीचे काही आठवडे अभ्यासापेक्षा रुळण्याचे असतात: आईचा हात सोडून आत येणे, डबा स्वतः उघडणे, शेजारी बसलेल्या मुलाशी बोलणे, लघवीला जायचे आहे हे बाईंना सांगणे. हे सगळे जेमतेम बसत असताना आठवडाभराची रजा पडली की परतल्यावर रडणे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि या वेळी ते अधिक चिवट असते, कारण वर्गातील इतरांच्या जोड्या एव्हाना जमलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीला पुढे किंवा मागे जोडलेली रजाही अशीच जाचक ठरते. सलग काही आठवडे शाळेपासून दूर राहिलेल्या लहान मुलाचे लेखन मंदावते, पाढ्यांची लय तुटते आणि सकाळी उठण्यापासून सगळ्याच सवयी नव्याने लावाव्या लागतात. याउलट एखादा घटक संपून सराव चालू असताना घेतलेली छोटी रजा बहुतेक मुले सहज पेलतात.

या प्रश्नाला वर्गातील इतर मुलांचीही बाजू आहे आणि पालकांना ती घरातून दिसत नाही. शिक्षण अधिकार कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण अपेक्षिले आहे. लग्नसराईच्या आणि सहलींच्या दिवसांत दर आठवड्याला वेगवेगळी दोन-तीन मुले गैरहजर असली तर वर्ग कधीच पूर्ण भरत नाही. प्रत्येक नवा घटक कोणासाठी तरी पुन्हा शिकवावा लागतो आणि तो वेळ उरलेल्या मुलांच्या वाट्यातून जातो. गटात केलेली कामे अर्धवट राहतात, स्नेहसंमेलनातल्या नाचातली जोडी तुटते, आणि ज्या मुलाचा एकुलता एक मित्र गावी गेला आहे ते मूल मोठ्या सुट्टीत भिंतीशी उभे राहते. लहान मुलांचे शिकणे एकमेकांच्या आधाराने होत असल्यामुळे एका मुलाची रजा ही पूर्णपणे एका कुटुंबाची खासगी बाब राहत नाही. पालकांनी शाळेला आधी कळवणे ही त्यामुळे केवळ औपचारिकता उरत नाही. एका सामाईक कामातून काही काळ बाजूला होण्यापूर्वी सहकाऱ्यांना दिलेली ती सूचना असते.

येथेच खोट्या अर्जाचा प्रश्न येतो, आणि अनुभवाने तो या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. सहलीचे कारण लिहिले तर रजा नाकारली जाईल किंवा बोलणी खावी लागतील या भीतीने अनेक पालक ‘तापामुळे येऊ शकला नाही’ असा अर्ज देतात आणि मुलाला सांगतात की बाईंना काही बोलू नकोस. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे ओझे पेलत नाही. काही मुले पहिल्याच तासाला समुद्राविषयी बोलू लागतात आणि मग एकदम थबकतात; काही मुले आपण आजारी होतो असे सांगताना शिक्षकांकडे पाहत नाहीत; आणि काही मुले, विशेषतः मुळात अबोल असलेली, परतल्यानंतर बरेच दिवस वर्गात तोंडच उघडत नाहीत, कारण नेमके काय बोलायचे नाही याची सीमा त्यांना आखता येत नाही. ज्या दोन जागांवर मुलाचा सर्वाधिक विश्वास असतो त्या घर आणि शाळा यांच्यामध्ये ते मूल साक्षीदार म्हणून उभे केले जाते, आणि एका जागेशी प्रामाणिक राहायचे तर दुसरीशी अप्रामाणिक व्हावे लागते, हा धडा त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय मिळतो.

खोट्या अर्जाचे आणखी एक नुकसान आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रवासातून मूल शिकते हे पालकांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु ते शिकणे केवळ पाहण्याने पूर्ण होत नाही. पाहिलेले सांगितले, चितारले, इतरांच्या प्रश्नांना उत्तर दिले की ते मुलाच्या मनात आकार घेते. सहल लपवायची असेल तर नेमकी ही अर्धी प्रक्रियाच बंद पडते. शाळेचे दिवस तर गेलेच, आणि त्या बदल्यात जे मिळाले असते तेही वर्गात आणता येत नाही. उघडपणे घेतलेली रजा आणि लपवून घेतलेली रजा यांतला शैक्षणिक फरक असा थेट आहे, आणि म्हणून तो केवळ नीतीचा प्रश्न मानून चालत नाही.

प्रवास वर्गात किती समृद्धी आणू शकतो, याची उदाहरणे मराठी शाळेला शोधावी लागत नाहीत. चौथीच्या मुलांना परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपतींचा इतिहास शिकवला जातो. रायगडावर जाऊन आलेले मूल वर्गात जेव्हा सांगते की बाजारपेठेची जोती केवढी उंच आहेत आणि दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तेव्हा १६७४ मधील राज्याभिषेकाचा पाठ सगळ्या वर्गाला एका प्रत्यक्ष जागेवर घडताना दिसू लागतो. शिवाय निसर्गाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील कास पठार, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले, ते ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात फुलते आणि मे महिन्यात तिथे वाळलेले गवत असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची तर फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ आहे. आषाढीची वारी जून-जुलैत येते. या गोष्टी मुलाला दाखवायच्या तर शाळेचा एखादा दिवस द्यावा लागणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे आणि एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते, यांमागेही वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा हाच स्वीकार आहे.

तथापि प्रवास आपोआप शिकवतो असे नाही. मोठ्यांशी बोलणे न होता, मोबाइलच्या पडद्याकडे पाहत गाडीत बसून झालेल्या दूरच्या सहलीपेक्षा आजोळच्या विहिरीवरचा एक दिवस कितीतरी अधिक देऊन जातो. पहिलीतील मूल गावाहून परतल्यावर आजोबा गाईला कोणत्या नावाने हाक मारतात, भाताची लावणी कशी करतात, एसटीच्या पाटीवर काय लिहिले होते हे सांगते तेव्हा त्याच्या वाक्यांची लांबी वाढलेली असते, नवे शब्द आलेले असतात आणि क्रमाने सांगण्याची सवय दिसते. २०१० पासून राज्यात स्वीकारलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प आणि उपक्रम यांसारख्या तंत्रांना स्थान आहे. अशा कथनाची नोंद त्या चौकटीत शिक्षकाला सहज करता येते. येथे एक काळजी मात्र घ्यावी लागते. परदेशवारी करून आलेल्या मुलाच्या वर्णनाला वर्गात जेवढा वेळ मिळतो तेवढाच वेळ कुठेही न गेलेल्या मुलाच्या वर्णनाला मिळाला नाही, तर सहल ही शिकण्याची गोष्ट न राहता ऐपतीचे प्रदर्शन होते. म्हणून ‘कुठे गेलात’ या प्रश्नापेक्षा ‘नवीन काय पाहिलेत’ हा प्रश्न वर्गात अधिक न्याय्य ठरतो. त्याचे उत्तर चाळीच्या गच्चीवरून पाहिलेल्या घारीच्या घरट्यानेही देता येते.

रजा उघडपणे मागितली गेली की शिक्षक आणि पालक मिळून काय करू शकतात, याबाबतही काही गोष्टी अनुभवाने स्थिर झाल्या आहेत. आधी कळल्यास शिक्षक पुढील दोन आठवड्यांत कोणता घटक सुरू होणार आहे ते सांगू शकतो आणि तिकिटे काढण्यापूर्वी तारखा चार दिवस इकडेतिकडे करणे अनेक कुटुंबांना शक्य असते. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे बोलण्यासाठी वेळ असतो. तारखा हलत नसतील तर नवी संकल्पना मूल गेल्यावर सुरू न करता आधी तिची तोंडओळख करून देता येते. सहलीबरोबर स्वाध्यायांचा गठ्ठा पाठवण्याची पद्धत मात्र फारशी उपयोगाची ठरत नाही: तो बहुधा परतीच्या गाडीत रडत-भांडत पुरा केला जातो आणि पायरीबद्ध आशय त्यातून कळत नाही. त्याऐवजी एक वही द्यावी, तिच्यात मुलाने रोज एक चित्र आणि ज्याला जमेल त्याने एक वाक्य लिहावे, स्थानकांच्या पाट्या वाचाव्यात, सुटे पैसे मोजावेत, आणि रात्री कोणीतरी गोष्ट वाचून दाखवावी, एवढी मागणी घरांना पेलते. सर्वांत महत्त्वाचा काळ परतीचा असतो. रात्री उशिरा उतरून सकाळी शाळेत पाठवलेले मूल दिवसभर पेंगत असते. एक दिवस घरी विश्रांती देऊन पाठवलेले मूल लवकर रुळते. शाळेने परतलेल्या मुलासाठी पहिल्या आठवड्यात रोज थोडा वेळ राखून ठेवावा, काड्यांचे गठ्ठे पुन्हा हातात द्यावेत, आणि चुकलेल्या लेखनाच्या वह्या उतरवून घेण्याची सक्ती करू नये, कारण नक्कल केलेल्या पानांनी वही भरते आणि समज तेथेच राहते.

इतर देशांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे येथे तुलनेसाठी उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये २०१३ पासून मुख्याध्यापकांना केवळ अपवादात्मक परिस्थितीतच सत्रातील रजा मंजूर करता येते आणि विनापरवाना रजेसाठी पालकांना दंड होतो. ऑगस्ट २०२४ पासून ही रक्कम २१ दिवसांत भरल्यास प्रत्येक पालकामागे प्रत्येक मुलासाठी ८० पौंड आहे. मुलीला २०१५ मध्ये फ्लोरिडाला नेणाऱ्या एका वडिलांचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एकूण उपस्थिती चांगली असली तरी शाळेने ठरवलेल्या नियमांप्रमाणेच हजर राहणे आवश्यक आहे, असा निर्णय ६ एप्रिल २०१७ रोजी देण्यात आला. तरीही दंडाची रक्कम सुट्टीतल्या वाढीव भाड्यापेक्षा कमी पडते तेव्हा काही कुटुंबे ती सहलीच्या खर्चात धरूनच निघतात. ज्यांना ती जड जाते त्यांनाच ती अडवते. जर्मनी आणि फ्रान्स यांनी दुसऱ्या टोकाकडूनही हा प्रश्न हाताळला आहे. जर्मनीत शाळेतील उपस्थितीची सक्ती कडक असली तरी सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मागेपुढे ठेवल्या जातात, आणि फ्रान्समध्ये हिवाळी व वसंत ऋतूतील सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत, जेणेकरून सगळी कुटुंबे एकाच आठवड्यात रस्त्यावर येत नाहीत.

सुट्ट्या स्थानिक गरजेनुसार लवचीक करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. विदर्भातील शाळा तेथील उन्हामुळे राज्याच्या इतर भागांनंतर उघडतात, आणि जिल्हाधिकारी स्थानिक सणांनुसार सुट्ट्या जाहीर करतात. ज्या शाळेतील बहुसंख्य मुले एकाच भागातून आलेल्या कुटुंबांची आहेत, तिथे मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या आणि घटकनियोजन, म्हणजे कोणता पाठ कोणत्या आठवड्यात घ्यायचा याचा आराखडा, शिमगा किंवा यात्रा लक्षात घेऊन ठरवता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रमाण कायद्यानेच तीन चतुर्थांश ठेवलेले असल्यामुळे हा विषय वर्षारंभीच्या बैठकीत मांडायला जागाही आहे. जूनमध्येच पालकांना घटकनियोजनाची एक प्रत देऊन ‘या आठवड्यांत शक्यतो रजा टाळा, या आठवड्यांत आधी कळवून घेतल्यास चालेल’ असे सांगितले, तर खोटा अर्ज लिहिण्याची गरज बऱ्याच अंशी उरत नाही.

शेवटी ज्या दुसऱ्या प्रकारच्या गैरहजेरीचा आरंभी केवळ उल्लेख केला, तिच्याकडे वळणे भाग आहे. बीड, अहिल्यानगर, जळगाव यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबांची मुले गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाल्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत, गावातील शाळेपासून दूर असतात. त्यांच्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना राबवली आहे, जिच्यात मूल गावीच राहते आणि त्याच्या जेवणाची सोय केली जाते, आणि स्थलांतरित मुलाला जाईल त्या गावच्या शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत सुरू केली आहे. तरीही अनेक मुले फडावर धाकटी भावंडे सांभाळत दिवस काढतात. या मुलांचे दिवस त्यांच्या आईवडिलांनी हौसेने बुडवलेले नसतात. सत्रातील रजेच्या अनुभवातून जे जे उपयुक्त ठरले ते सर्व, म्हणजे जाण्यापूर्वीचे संभाषण, नेमकी कोणती पायरी चुकली याचा शोध, परतल्यानंतर राखून ठेवलेला वेळ, आणि मुलाने बाहेर जे पाहिले व केले त्याला वर्गात मिळणारा मान, या मुलांना कितीतरी अधिक प्रमाणात हवे असते. सहलीहून परतलेल्या मुलाविषयी ‘चार दिवसांत भरून काढेल’ असा विश्वास बाळगणाऱ्या शाळेने फडावरून परतलेल्या मुलाविषयी ‘हे आता मागेच राहणार’ असे गृहीत धरू नये. परतीच्या आठवड्यात कोणाला किती वेळ द्यायचा हे ठरवताना शिक्षकाने रजेचे कारण बाजूला ठेवून चुकलेल्या पायऱ्या मोजाव्यात; तो हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर सर्वाधिक वेळ बहुधा ऊसतोड मजुराच्या मुलाच्या वाट्याला येईल, आणि तसा तो यायलाच हवा.